आधी सकवारबाईंना उतरवा!

हॉर्न ऐकून नुसते बाजूला होऊ नका, जरा थांबा. मी खंडोजींची जुनी स्कूटर बोलतेय. मुक्काम जे. पी. नगर, बेंगळुरू. चाकं तीन! डाव्या अंगाला साइडकार आहे आणि माझी सगळी ऐट तिच्यातच आहे.

घरात आले तेव्हा मी दोनच चाकांची होते. खंडोजींचं शिवणकामाचं दुकान होतं. कापडाचे गठ्ठे मी मुकाट वाहिले. मग त्यांच्या बायकोचा, सकवारबाईंचा, खुबा मोडला. पाय उचलून मागं बसणं संपलं. खंडोजींनी मला थेट होसकोट्याला नेलं आणि ओळखीच्या वेल्डरकडून ही साइडकार जोडून घेतली. दार रुंद, बैठक खुर्चीएवढी उंच. तेव्हापासून देवळात, बाजारात, लग्नाकार्यात बाई माझ्याबरोबर असतात. सिग्नलला लोक आमचे फोटो काढतात. काढू देत!

मी धूर सोडते, हे खरं. किका खाल्ल्याशिवाय जागी होत नाही, हेही खरं. म्हणून काय मोडीत काढायचं? मुलगा यशोवर्धन इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आहे. तो म्हणाला, "अप्पा, इलेक्ट्रिक घेऊ. हिला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू." खंडोजी "सरी, बरं" म्हणाले. मुलाचा शब्द त्यांच्यानं मोडवत नाही. मला कुणी विचारलं नाही, बाईंनाही नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नवी गाडी आयुधपूजेच्या सकाळी आली. दुसऱ्या दिवशी शोरूमचा माणूस मला न्यायला येणार होता. आमच्या गल्लीत त्या दिवशी सायकलीलासुद्धा झेंडूची माळ असते. प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवायचं, ते चिरडून गाडी पुढं गेली की पूजा पुरी. आरतीसाठी नवीचं तोंड घराकडं केलं होतं. तिच्यासमोर मी आडवी उभी, माझ्यामागं खुर्चीत बाई.

कोहळा फोडून झाला. खंडोजी नवीवर बसले, बटण दाबलं आणि आवाजाची वाट पाहू लागले. आवाज कुठला येणार!

"चालू होत नाही रे ही," म्हणत त्यांनी मूठ पिळली. माझ्यावर जन्म गेलेला हात तो, कुरकुरले की पिळायची सवयच. नवी सुसाट सुटली. लिंबं, रांगोळी, कोहळा तुडवत धाडकन माझ्या साइडकारवर आदळली. मी जागची हलले नाही. हलले असते तर मागं बाई होत्या.

"अप्पा, ऑनच होती ती!"

"मला काय ठाऊक? आवाज कुठं होता?" खंडोजींना लागलं नव्हतं.

बाई काठी टेकत उठल्या. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी हात फिरवला. "यशू, या नव्या गाडीवर मला कुठं बसवणार?"

"आई, कॅब बोलवू की. स्वल्प ॲडजस्ट कर."

"कॅबवाला खाली उतरून मला हात देतो काय? तुझे अप्पा देतात."

यशोवर्धननं नवी मागं ओढून उभी केली. पण शोरूमला नको म्हणून फोन काही केला नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूमचा माणूस दारात आला, तेव्हा बाई साइडकारमध्ये बसून घेवड्याच्या शिरा काढत होत्या.

"अम्मा, गाडी न्यायची आहे."

"ने की अण्णा. मी उतरत नाही."

माणसानं यशोवर्धनकडं पाहिलं. यशोवर्धननं आईकडं पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "बेडा सार, नको," तो म्हणाला, "राहू दे ही आमच्याकडंच."

नवीशी माझं भांडण नाही. ती यशोवर्धनला घेऊन रोज कामावर जाते, धूर करत नाही, गुणाची आहे. पण तिचं काम तिचं, माझं माझं.

त्या दिवशी शोरूमचा माणूस परत गेला, तेव्हा माझी तीन लिंबं अजून चाकाखालीच होती. खंडोजींनी चोक ओढून किक मारली. मी अशी गरजले की गल्ली बाहेर आली. बाई आत बसलेल्या, मांडीवर घेवडा, आणि आम्ही तिन्ही लिंबं चिरडून फाटकाबाहेर पडलो.

पत्रा चेपलाय, तो तसाच असू दे. आणि मला न्यायला पुन्हा कुणी येणार असेल, तर आत्ताच सांगून ठेवते: आधी सकवारबाईंना उतरवून दाखवा!