भेटीनंतरचा आकडा

निवृत्त झाले तरी मास्तरांची मास्तरकी काही सुटली नव्हती. दर रविवारी ते वृद्धाश्रमात यायचे, खुर्ची ओढून आईसमोर बसायचे आणि सरबत्ती सुरू करायचे. "मी कोण? धाकटीचं नाव काय? आज वार कुठला?" आईचं विसरणं वाढत चाललं होतं, आणि घोकून घेतलं की डोकं गंजत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. धाकटी बहीणही यायची; पण ती आईचे केस विंचरायची, काहीबाही गुणगुणायची आणि जायची. मास्तर तिला म्हणायचे, "तू नुसता वेळ घालवतेस."

अशात आश्रमात नवं यंत्र आलं. जिभेखाली कापसाची कांडी धरायची, ती पट्टीला टेकवायची, की लाळेतल्या ताणाच्या हार्मोनचा आकडा काही मिनिटांत हजर. ज्यांना बोलून सांगता येत नाही, त्यांना काय सोसतं नि काय नाही, हे कळावं म्हणून भेटीआधी आणि भेटीनंतर तपासणी व्हायची.

"माझ्या भेटीनंतर बघा कसा खाली येतो," मास्तर नर्सला ऐटीत म्हणाले.

आकडा दुपटीने वर गेला. "यंत्रच धड नाही तुमचं!" मास्तर उखडले. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. शेवटी नर्सने दार लोटून घेतलं.

"मास्तर, राग मानू नका. तुमची बहीण येऊन गेली की हाच आकडा उतरतो. डॉक्टर म्हणतायत, असंच चाललं तर तुमच्या भेटी बंद कराव्या लागतील."

मास्तरांचे कान तापले. आयुष्यभर पोरांना घाम फोडला आणि त्याला शिस्त म्हणत आले, पण आईला? स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांना नर्सकडे बघवेना.

"एकदा आत जाऊ द्या. काही विचारणार नाही," ते कसंबसं म्हणाले.

आत गेल्यावर त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. पलंगाच्या कडेला टेकले. आईने चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि ती पुटपुटायला लागली, "सांगते हं, सांगते... मघाशी येत होतं मला... रागावू नका."

मास्तरांनी तिच्या मुठीवर हात ठेवला. "काही सांगायचं नाही, आई. आज कुणी काही विचारणार नाही."

तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा निवळला. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "म्हणजे ते मास्तर आज यायचे नाहीत?"

"नाही," मास्तर म्हणाले. "आता कधीच यायचे नाहीत."