डबा खोटं बोलत नाही

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. स्टीलचा, तीन पुडांचा, बाजूला दोन कड्या असलेला. माझ्या झाकणावर 'सौ. बनुबाई लालासाहेब घार्गे' असं नाव कोरलेलं आहे. त्यातला 'घ' घासून घासून पार गेला आहे. माझी गोष्ट जरा अंगावर येणारी आहे, पण खरी आहे. खोटं बोलण्याची पाळी माझ्यावर आयुष्यात एकदाच आली. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुपवाडच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये झाला. प्रेसखाली पत्रा गेला की त्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. लय दुखतं. तिथून मी कराडला भांड्यांच्या दुकानात आलो आणि दिवाळीत बनुबाईंच्या घरी गेलो. कराडपासून तासाभरावर त्यांचं गाव. यजमान लालासाहेब तेव्हा फौजेत होते. मी बनुबाईंबरोबर शेतात जायचो, बांधावर सावलीला बसायचो, मुंग्यांशी भांडायचो. ते दिवस सुखाचे होते, आणि सुखाच्या दिवसांचं सांगण्यासारखं फार काही नसतं.

मग लालासाहेब पेन्शनीत आले. त्यांची एकुलती एक मुलगी दीपमाला सांगलीच्या कॉलेजात गेली आणि तिथेच मुलींच्या वसतिगृहात राहू लागली. आमच्याकडची रीत अशी की पोरं शिकायला शहरात गेली तरी जेवण घरचंच. सकाळी साडेसहाच्या एसटीत गावातले सगळे डबे चढतात. ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या बॉनेटवर दाटीवाटीने बसतात. सांगलीच्या स्टँडवर पोरं येऊन आपापला डबा ओळखून नेतात, आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही बावीस जण होतो. ड्रायव्हर मानसिंग कौतुकाने म्हणायचे, "ही बघा माझी वऱ्हाडी मंडळी! तिकीट न्हाई, आन् दंगा बघा किती!"

मी मात्र कधी रिकामा परतलो नाही. भांडं रिकामं पाठवू नये, ही बनुबाईंची शिकवण. दीपमाला मला धुवायची, पुसायची आणि खालच्या पुडात चिमूटभर साखर टाकून पाठवायची. संध्याकाळी बनुबाई मला उघडायच्या आणि पत्र वाचावं तसं वाचायच्या. अर्धी भाकरी उरली म्हणजे पोरगी दमली. आमटीला बोट लावलं नाही म्हणजे कुणाशी तरी बिनसलं. महिन्यातून एकदा त्या मुद्दाम कारल्याची भाजी द्यायच्या, आणि ती जशीच्या तशी परत यायची. दीपमालाने जन्मात कारलं खाल्लं नव्हतं. मायलेकींचं ते जुनं भांडण होतं.

"फोनवर पोरं काय बी सांगत्यात," बनुबाई शेजारणींना सांगायच्या. "डबा खोटं बोलत न्हाई."

हे ऐकून मी असा काही फुगायचो म्हणता, की झाकण बसायचं नाही!

मग निवडणूक झाली आणि सत्ता पालटली. डब्याला राजकारणातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. मला कळलं ते एवढंच, की बॉनेटवरची गर्दी कमी होऊ लागली. दीपमालाचं कॉलेज ज्या संस्थेचं, तिथे इतकी वर्षं, आता निवडणुकीत पडलेल्या बाजूची माणसं होती. आता सगळं बदलणार, अशी हूल उठली. पारावर रोज नवी बातमी. अनुदान बंद होणार. वसतिगृह दुसऱ्याच कुणाला देणार. कॉलेजात पोरांच्या निवडणुका होणार आणि डोकी फुटणार. डिग्रीला कुणी विचारणार नाही. खरं किती नि खोटं किती, देव जाणे. पण आईबापांची पाचावर धारण बसली. ज्याला त्याला आपलं लेकरू घरी हवं होतं.

बाविसाचे सतरा झाले. सतराचे अकरा झाले. काल ज्याचं अंग माझ्या अंगाला घासत होतं, तो पितळी झाकणाचा डबा आज आलाच नाही, आणि त्याची चौकशीही कुणी केली नाही. गाडीतला दंगा बंद झाला. मानसिंग गाडी सुरू करण्याआधी एकदा आमच्याकडे बघायचे, मनात मोजायचे आणि मुकाट्याने गिअर टाकायचे.

एके सकाळी लालासाहेब ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"पोरगी घरी आणायची," ते म्हणाले. "शेवटचं वरीस ऱ्हायलं तर ऱ्हायलं. तिथं पोरांची यादी करत्यात म्हणं. कोण कुणाच्या बाजूचं, त्याची."

"आवं, कोण म्हणतंय?"

"समदा गाव म्हणतोय."

"गावानं कवा डबा उघडून बघितलाय? मी रोज बघती." बनुबाईंनी भाकरी थापायची थांबवली नाही. "माझी दीपी बरी हाय तिथं. शिकू द्या तिला."

लालासाहेबांनी माझ्या झाकणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ठीक हाय. ज्या दिवशी डब्यात साखर येणार न्हाई, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी धरणार. पोरगी घरी, कॉलेज बंद. मग मला कुणी काय बोलायचं न्हाई." तिथल्या तिथे फोन लावून त्यांनी हेच दीपमालालाही ऐकवलं. फौजी माणूस, एकदा बोलला की बोलला.

मित्रांनो, तेव्हापासून त्या मुलीचं अख्खं शिक्षण माझ्या खालच्या पुडात होतं. मला त्याचं ओझं वाटायचं.

पुढच्या सोमवारी सांगलीच्या स्टँडवर एका हाताने माझी कडी धरली. तो हात दीपमालाचा नव्हता.

बोटं गार होती. पत्र्याच्या अंगावर काटा येत नाही असं समजू नका. ती कुणीतरी मुलगी होती. ओढणी तोंडावर घेतलेली, मान खाली. ती मला घेऊन भराभर वसतिगृहात शिरली. जिन्याच्या भिंतीवर संस्थेच्या जुन्या माणसांचे फोटो असायचे. ते कुणीतरी उतरवले होते. भिंतीवर नुसते पांढरे चौकोन उरले होते, आणि त्या चौकोनांतून आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटत होतं. वरच्या मजल्यावर दाराला दार लागून कुलपं. सकाळची गजबजायची वेळ, आणि पावलाचा आवाज नाही, हसण्याचा नाही, बादलीचाही नाही.

खोलीत अंधार होता. खिडकीवर चादर बांधली होती. कॉटवर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन पडलं होतं. श्वास तेवढा ऐकू येत होता, भरभर आणि कोरडा.

"आला का गं डबा?" पांघरुणातून आवाज आला. विहिरीतून यावा तसा खोल. "खा, माया. समदं संपव. उष्टं ठेवू नकोस. आन् साखर विसरू नको."

तेव्हा कुठे मला ओळख पटली. कॉटवर आमची दीपमाला होती, तापाने फणफणलेली. आणि मला घेऊन आलेली माया तिची खोलीतली मैत्रीण, जतकडची.

"दीपे, घरी सांगूया गं," माया म्हणाली. "गोळीनं उतरंना ताप."

"सांगितलं तर आबा न्यायलाच येतील. परीक्षा दीड महिन्यावर हाय. खा म्हणते ना!"

माया जेवू लागली. एकेक घास गिळताना ती रडत होती. जेवताना कुणी इतकं रडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मग तिने मला धुतलं, पुसलं आणि साखर टाकली.

संध्याकाळी बनुबाईंनी झाकण उघडलं. "बघा, किती छान जेवली!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. लालासाहेबांनी बोटाने साखर चाखली आणि मान हलवली. दोघांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोललो होतो.

मंगळवारी तेच झालं. बुधवारी माया जेवत असताना बाहेर पावलं वाजली. एका दाराचं कुलूप ओढून बघितल्याचा आवाज आला. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. कागद फडफडत होता. आमच्या दारापाशी पावलं थांबली.

"आत किती जणी आहात?"

मायाने घास तोंडातच धरला. कॉटवरचा श्वाससुद्धा थांबला. "मी एकटीच हाय," माया म्हणाली.

पावलं निघून गेली. ती यादी कशाची होती हे मला आजही माहीत नाही. पाण्याच्या टाकीची असेल. कुणाच्या बाजूचं कोण, याचीही असेल. तापाने आजारी असलेल्या पोरींची असेल, तर मात्र काय म्हणावं? आम्ही तिघांनी दार उघडलं नाही.

गुरुवारी बनुबाईंनी कारल्याची भाजी दिली. मायाला बिचारीला काय ठाऊक? तिने नेहमीसारखं सगळं संपवलं.

संध्याकाळी बनुबाईंनी मधलं पुड उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. पुड लखलखीत होतं. त्यांनी आत हात फिरवला, वास घेतला, पुन्हा हात फिरवला.

"आवं," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो डबा माझ्या पोरीनं खाल्लेला न्हाई."

"मग कुणी खाल्ला?"

खोलीत कुणी परकं शिरावं तसे ते दोघे माझ्याकडे बघू लागले. लालासाहेबांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बरी हाय, आई. अभ्यास करती," पलीकडून आवाज आला.

"दीपे, कारलं कसं झालं हुतं?"

पलीकडे कुणीतरी हळूच कुजबुजलं.

"लय छान झालं हुतं, आई."

बनुबाईंच्या हातून माझं झाकण खाली पडलं. आवाज पोरीचाच होता, शब्द तिचे नव्हते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पोचे खाल्ले, पण त्या फरशीवरच्या घरंगळत्या आवाजाइतकं वाईट मला काही वाटलं नाही. दोघांनी त्या दिवशी चूल पेटवली नाही.

शुक्रवारी पहिल्या गाडीत मी बॉनेटवर नव्हतो, बनुबाईंच्या मांडीवर होतो. मी रिकामाच होतो. शेजारी लालासाहेब एक मोठी रिकामी बॅग घेऊन बसले होते, पोरीचं सामान भरून आणायला. मानसिंगनी आरशातून ती बॅग पाहिली आणि गिअर टाकला. आणखी एक डबा कमी झाला, असंच त्यांना वाटलं असणार.

वसतिगृहात पुरुषांना वर सोडत नाहीत. लालासाहेब फाटकाशी थांबले. बनुबाईंनी दार वाजवलं तेव्हा आतून माया म्हणाली, "मी एकटीच हाय."

"मी दीपीची आई हाय गं, बाळा."

दार उघडलं. मायाने त्यांना बघितलं आणि गळ्यातच पडली. "काकू, मी सांगत हुते हिला, मी रोज सांगत हुते!" बनुबाईंनी पांघरूण ओढलं. दीपमालाच्या हातांवर लाल ठिपके उठले होते. ओठांना रक्त लागलं होतं. आईला बघून ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल?

"आई, साखर टाकली हुती गं. आबांना सांग, रोज टाकली हुती."

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डेंग्यू आहे, पेशी वीस हजारांवर आल्यात, इतके दिवस काय करत होता? लालासाहेब रक्ताच्या पिशव्यांसाठी तो दिवसभर धावत होते. तीन दिवस तिचं काही खरं नव्हतं. ते तीन दिवस मी कॉटखाली होतो. वर सलाईनचे थेंब पडायचे, खाली लालासाहेबांचे पाय दिसायचे. रात्रभर ते पाय जागचे हलत नव्हते.

चौथ्या दिवशी दीपमाला उशीला टेकून बसली. माझ्या वरच्या पुडातली पेज बनुबाई तिला चमच्याने पाजत होत्या.

"एवढा ताप," लालासाहेब म्हणाले, "आन् मला सांगितलं का न्हाईस, दीपे?"

"तुमी न्यायला आला असता."

"आलोच असतो की!"

"म्हणूनच न्हाई सांगितलं, आबा."

सत्ता पालटली म्हणून पोरीचं काय होईल, या काळजीने लालासाहेबांनी चार महिने झोप घेतली नव्हती. आणि पोरीला त्या सत्तेची नाही, त्यांचीच भीती वाटत होती. हे त्यांना कळताना मी बघितलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायचंही त्यांना सुचेना.

"सरकार कुणाचं बी येऊ दे," ते अखेर म्हणाले. "संस्था कुणाची बी होऊ दे. तुझं कॉलेज मी सुटू देत न्हाई. पर तुला ताप आला तर त्यो पैला मला कळला पायजे. डब्याला न्हाई."

मित्रांनो, दीपमाला परीक्षेला बसली आणि पास झाली. गावात उठलेल्या बातम्यांपैकी निम्म्या खोट्या निघाल्या, निम्म्यांचा निकाल अजून लागायचा आहे. मी आता तिच्या चुलत बहिणीचा, राजेश्वरीचा डबा नेतो. बॉनेटवर पुन्हा चौदा जण असतो. सगळे घासलेले, सगळ्यांची झाकणं घट्ट. शेजाऱ्याच्या पोटात काय आहे ते एकालाही कळत नाही. कधीकधी मला बाकीच्या तेरा जणांची भीती वाटते.

आम्हाला घासा, पुसा, पोचे काढून घ्या, असं कुठलाही डबा तुम्हाला सांगेल. मी वेगळंच सांगतो. भाजी, भाकरी, चटणी, काय हवं ते माझ्यात भरा, मी नीट पोचवीन. पण तुमचं दुखणं माझ्या झाकणाखाली दडवू नका. ते मला आतून दिसतं, आणि मला बोलता येत नाही.