कोरलेला कटोरा

हिवाळ्यात बर्फावरून घसरून चिझुरूचं मनगट मोडलं आणि वीस वर्षं फिरवलेलं कुंभाराचं चाक सुटलं. शिगाराकीसारख्या जपानी कुंभारगावात चाक सुटलेल्या कुंभारणीने करायचं काय? हाड सांधलं, पण चाकावर जोर देता येईना. दोन-तीन महिने घरात बसून ती कंटाळली आणि एक दिवस कुमेओंच्या दारात जाऊन उभी राहिली. चाक न वापरता मातीच्या भरीव ठोकळ्यातून चहाचे कटोरे कोरणारे गावात ते एकटेच होते.

"गेन्झोची सून? सासऱ्याला विचारून आलीस का?"

"बाबा म्हणाले, तिकडे जाऊ नकोस."

"मग आत ये," म्हातारा हसला.

त्यांनी खरबरीत मातीचा ठोकळा पुढे सारला. चिझुरूने तो फळीने ठोकून आकाराला आणला, जरा सुकून घट्ट होऊ दिला आणि तारेच्या कोरणीने आतून पोखरायला घेतला. चाकाची सवय हातातून जाईना. कटोरा गोल, गुळगुळीत, पातळ झाला.

"एवढंच करायचं होतं तर चाक काय वाईट होतं?" म्हणत कुमेओंनी तो सरळ मातीच्या पिंपात टाकला. दुसऱ्याच्या बुडाला भोक पडलं. "वा! भाज्या निथळायला छान."

"हसता काय? कुठे थांबायचं ते कसं कळतं, ते सांगा ना!"

"बाहेरून एक बोट लाव, आतून एक. मधे माती किती उरलीय, ते बोटांना कळतं."

ते दाखवायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्या उजव्या हाताला तीनच बोटं असल्याचं तिने पहिल्यांदा जवळून पाहिलं. तिची नजर हलेना.

"माती मळायच्या यंत्रात गेली. तुमच्याच कारखान्यात. मी आत हात घातला होता, तुझ्या सासऱ्याने बटण दाबलं. त्याला दिसलो नव्हतो मी." त्यांनी कोरणी पुसली. "चाकावर पकड राहिली नाही, म्हणून कोरायला लागलो. चाळीस वर्षं झाली. तो या गल्लीत पाऊल टाकत नाही. मला राग नाही, हे त्याला सांगायचं तरी कसं?"

भट्टीतून निघालेला आपला पहिला कटोरा चिझुरूने घरी नेला आणि त्यात हिरव्या चहाची पूड घोटून सासऱ्यांपुढे ठेवला. गेन्झोंनी तो दोन्ही हातांत फिरवला. एका बाजूला भिंत जाड होती, अंगठा तिथे आपोआप टेकला.

"त्याचा हात चालतो का नीट?"

"माझ्यापेक्षा बरा चालतो. तुम्हीच जाऊन बघा, बाबा."

"उगाच शहाणपणा शिकवू नकोस," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली, तर ते टोपी घालून दारात उभे.

कुमेओंनी मान वर करून पाहिलं. गेन्झो उंबऱ्याबाहेरच थांबले. "कुमेओ, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे रे. आत ये आधी, गार वारा येतोय."

गेन्झो आत आले. ते त्या हाताकडे बघत होते, आणि कुमेओंनी तो लपवला नाही. चिझुरू किटली घेऊन पाणी आणायला मागच्या अंगणात गेली. किटली भरल्यावरही ती बराच वेळ तिथेच थांबली.