दादाचं हवेवरचं भाषण

भूगोलाच्या बाईंना सख्ख्या भावाची किळस आली, ती भरसभेत.

दादा रसायनांच्या कारखान्याचा मॅनेजर. धुराड्यातून येणारा सडक्या अंड्यांचा वास बाईंच्या वर्गात भिंतींना चिकटून बसलेला. मुलं नाकाला रुमाल लावून नकाशे काढायची. एकीला तर भर तासाला उलटी झाली. ती पुसताना बाईंनाही उमासे आले. आता कारखान्याला दुसरं धुराडं हवं होतं आणि त्यासाठी जनसुनावणी लागली होती.

आदल्या आठवड्यात दादा जेवायला आला. भात कालवत लाडीगोडीने म्हणाला, "अगं, पृथ्वीची हवा कशी बनली, सांग की जरा."

बाई हरखल्या. त्यांच्या विषयातलं त्याने जन्मात काही विचारलं नव्हतं. त्या हात वाळेपर्यंत सांगत बसल्या. आधी ज्वालामुखींतून निघालेली वाफ, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन. मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. मग समुद्रातले सूक्ष्म जीव उन्हावर अन्न बनवू लागले आणि ऑक्सिजन सोडू लागले. बराचसा पाण्यातल्या लोखंडाला गंजवण्यातच गेला, उरला तो हवेत साठला.

सुनावणीत दादाने माइक धरला. "माझी बहीण शिक्षिका आहे. तीच म्हणते, हवा कायम बदलत आलीय. विषारी हवेतूनच आपण घडलो. मग एका धुराड्याचा बाऊ कशाला?"

पुढच्या रांगेतले साहेब खुसखुसले. बाईंच्या तोंडात कडू पाणी आलं. त्या उठल्या.

"दादा, अर्धंच सांगितलंस. तो ऑक्सिजन तेव्हाच्या कितीतरी जिवांना विष होता. काही मेले असतील, काही ऑक्सिजन पोचत नाही अशा चिखलात दडले. त्या बदलाला कोट्यवधी वर्षं लागली. तुझं धुराडं वर्षभरात उभं राहील. मग चिखलात कोणी जायचं, माझ्या वर्गातल्या पोरांनी?"

परवानगी मात्र पुढे मिळालीच.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळीच दादा दारात आला. "घरातलं चव्हाट्यावर कशाला आणलंस? माझी नोकरी आहे ती." त्याने समजुतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. याच हाताने त्याने तिला सायकल शिकवली होती. आज मात्र अंगावर गोगलगाय चढावी तसं तिला झालं.

"हात काढ," ती म्हणाली.

"अगं, वेडी आहेस का?"

"काढ म्हणते ना!"

त्याने हात काढला. दार लावून ती मोरीत गेली आणि साबण लावून खांदा घासत राहिली, कातडी लाल होईपर्यंत.