चौघांचं कालवण

झाकण उघडलं तेव्हा पारा शहाऐंशी अंशांवर थांबला. तोर्शीने आकडा मनात ठेवला, कामावरचा थर्मामीटर पुसून नळीत घातला आणि झाकण पुन्हा नीट बसवलं. चारशे दहा पावलं चालून, वाटेत आठ जणांची विचारपूस करून ती वडिलांच्या घरी पोचली, तोवर अकरा मिनिटं झाली होती आणि कालवण अठ्ठ्याहत्तरवर आलं होतं. मग ते मातीच्या पसरट परळात ओतलं गेलं, बाबांनी हात धुतले, दोन ओळींची प्रार्थना पुटपुटली आणि बांकूच्या, मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या, गोळ्याचा पहिला तुकडा कालवणात बुडवला. तेव्हा अठ्ठावन्न.

"कालवणाला ताप आलाय का?" बाबांनी विचारलं.

त्यांना ना फुंकर घालावी लागली, ना थांबावं लागलं. तोर्शी लहानपणी हेच भांडं डोक्यावर घेऊन याच वाटेने रोज यायची, पण ही गोष्ट तिच्या कधी लक्षात आली नव्हती. सवयीने ती तिथून लगेच निघाली. पुरुष जेवायला बसले की भांडं आणणाऱ्याने रेंगाळायचं नसतं.

परत येऊन तिने आईला आकडे सांगितले. आईला, अमेर्लेला, त्यात नवल वाटलं नाही. भांडं आधी उकळत्या पाण्याने विसळून घ्यायचं, वरचे दोन डाव अगदी शेवटी, रटरटते घालायचे. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की दोन फडकी, आत्ता ऑक्टोबरात एकच पुरतं. हे कुणी शिकवलं, असं तोर्शीने विचारलं, तर आई म्हणाली, शिकवायचं काय त्यात, लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांची जीभ पोळली होती, तेवढं पुरलं.

तोर्शी अशीच ऑक्टोबरात यायची. ती नोकरीला होती त्या तामालेच्या पाणीखात्यात ऑगस्टची रजा सणासाठी आणि डिसेंबरची नाताळसाठी मुलाबाळांची माणसं आधीच वाटून घेत. तोर्शी एकटी, तिच्या वाट्याला मधले आठवडे येत. तिची काही तक्रार नव्हती. होमोवोचा सण उरकलेला असे, परदेशातले पाहुणे अजून यायचे असत, बसमध्ये खिडकी मिळे. घराजवळ, जेम्सटाउनच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असत आणि कोळी सावलीत बसून जाळी तुणत असत. सगळं शहर अंघोळ करून केस वाळवत बसल्यासारखं वाटे.

या खेपेला मात्र तिला फोन करून बोलावलं होतं, आणि तेही दोघांनी वेगवेगळं. बाबा म्हणाले, आईला विचार, येणार आहे की नाही ते एकदा सांग म्हणावं. आई म्हणाली, बाबांना विचार, एवढी घाई कसली झालीय.

गोष्ट घराची होती. बाबांनी, लान्तेंनी, तेमाच्या बंदरात क्रेन चालवत असतानाच शहराबाहेर कासोआच्या पलीकडे एक तुकडा घेतला होता. एकोणीस वर्षं ते तिथे विटा रचत होते. छप्पर चढून अकरा वर्षं झाली. दर वर्षी सण संपला की ते विचारत, आणि दर वर्षी आई म्हणे, पाहू. आता रंग झाला होता, नळाला पाणी आलं होतं, आणि एकाहत्तराव्या वर्षी बाबांनी जाहीर केलं होतं की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते तिथे राहायला जाणार.

तामालेतल्या मैत्रिणी तोर्शीला विचारत, तुझे आईवडील वेगळे झालेत का? ती सांगे, नाही गं, ते कधी एकत्र राहिलेच नाहीत. बाई आपल्या आईच्या घरी, बहिणींत. पुरुष आपल्या बापाच्या घरी, भावांत. संध्याकाळी बायको भांडं पाठवते, आणि मुलं निजली की स्वतः जाते. अडतीस वर्षं असाच संसार झाला होता, तीन मुलं झाली होती. भांडं जातं आहे तोवर लग्न आहे. ते थांबलं की कोर्टकचेरी लागत नाही, सगळी गल्ली समजते. आणि कासोआला जायला त्रोत्रोने, शेअरच्या मिनीबसने, दोन तास लागत. दोन तास भांडं कोण वाहील?

म्हणून आईचं 'पाहू' या वर्षी चालणार नव्हतं. ते तिलाही कळत होतं. ती पहाटेपासून विकायच्या केंकीसाठी मक्याचं आंबवलेलं पीठ शिजवत होती, कणसाच्या पातींत गोळे गुंडाळत होती, आणि कुणी घराचा विषय काढला की तिला हटकून जळण आणायचं आठवत होतं.

डेडे मावशी आईहून सहा वर्षांनी मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जिभेला हाड नसलेली. ती अंगणात स्टुलावर बसून पाती निवडत म्हणाली, "हिला तिकडे करमायचं कसं? दिवसभर भांडणार कुणाशी? लान्ते बिचारा हो म्हणून मोकळा होतो. हो म्हणणाऱ्याशी भांडण किती वेळ पुरतं?"

"तू गप पाती निवड," आई म्हणाली.

दुपारी दोघीच असताना तोर्शीने सरळच विचारलं. आई मोठा लाकडी पळा फिरवत होती. तशीच फिरवत म्हणाली, "मला तुझा बाप संध्याकाळनंतरचा माहीत आहे. दिवसाचा नाही. सकाळी तो कसा असतो, काय बोलतो, चहा सांडतो का, रेडिओ किती मोठ्याने लावतो, मला काही माहीत नाही. आणि त्याला मी माहीत नाही. अडतीस वर्षं छान चाललंय. आता या वयात उजेडात एकमेकांना पाहिलं आणि नाही आवडलो, तर मी परत कुठे येऊ? तोवर माझी खोली डेडेच्या सुनेने घेतलेली असेल."

तोर्शीने पातींची टोपली आईजवळ सरकवली. ज्या प्रश्नाला आधीची नोंद नाही, तिथे अंदाज सांगायचा नाही, हे ती कामात शिकली होती.

मंगळवारी समुद्र विसावा घेतो, होड्या जात नाहीत, म्हणून ताजी मासळी नसते आणि केंकीचं गिऱ्हाईकही कमी. त्या दिवशी आई स्वतःहून म्हणाली, चल, बघून तर येऊ. बाबा पहाटेच पुढे गेले होते. या दोघी पोचल्या तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते, आणि फाटक उघडायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

त्यांनी प्रत्येक नळ सोडून दाखवला. प्रत्येक दिवा लावून दाखवला, भर उन्हात. आईने भिंतींना हात लावून पाहिला. धूर कुठून जाणार ते विचारलं, शेजारी कोण राहतं ते विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला ते विचारलं. समुद्र कुठल्याच बाजूला नव्हता. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दारापासून जेवणाच्या टेबलापर्यंत चालत गेली आणि थांबली.

"अकरा पावलं," ती म्हणाली. "इथे तुमचं तोंड पोळेल, तोर्शीचे बाबा."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. तीही हसली. परतीच्या त्रोत्रोत दोघं एकाच बाकावर, मध्ये तिची पिशवी ठेवून बसली होती. मागच्या बाकावर तोर्शी. उतरताना बाबांनी विचारलं, मग? आई म्हणाली, "पाहू." बाबांनी मान डोलावली आणि आपल्या गल्लीकडे वळले. त्यांची पाठ तोर्शीने वळणापर्यंत पाहिली. ते खांदे पाडून चालत नव्हते. तसे चालले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी भांडं नेल्यावर ती निघाली नाही. काही ठरवून नव्हे. बाबांना एकटं सोडावंसं वाटेना, म्हणून अंगणाच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चुलतभाऊ ओकाई आणि त्याचे मित्र पलीकडे सोंगट्या खेळत होते, पटावर ठोकून ठोकून आरडाओरडा चालला होता. बाबांनी बुटकं टेबल ओढलं, मध्यभागी परळ ठेवलं. मग घरात जाऊन एकेक करत चार स्टुलं आणली आणि चारी बाजूंना मांडली. दक्षिणेकडच्या स्टुलावर स्वतः बसले. बाकीची तीन रिकामी. थर्मामीटरकडे पाहण्याच्या नादात पहिल्या दिवशी ती तिला दिसलीच नव्हती.

ती तीन स्टुलं कुणाची ते तोर्शीला सांगावं लागणार नव्हतं. तिन्ही काका गेल्या सहा वर्षांत गेले होते. लहानपणी ती यायची तेव्हा इथे चार घरांतून चार भांडी येत, सगळं मध्ये मांडलं जाई, आणि चौघे भाऊ एकाच परळातून जेवत. आपापल्या बाजूने. दुसऱ्याच्या बाजूला हात घातला की थोरले काका मनगटावर चापट मारत.

बाबा जेवू लागले. तोर्शी पाहत राहिली. ते आपल्या समोरच्या बाजूनेच खात होते. घास बुडवत तेही तिथेच. धुरावर सुकवलेल्या मासळीचा मोठा तुकडा पलीकडच्या काठाला होता, तिकडे त्यांचा हात गेला नाही. परळाचा साधारण चौथा हिस्सा संपला तेव्हा त्यांनी बोटं चाटली, हात धुतले आणि ओकाईला हाक मारली. पोरं आली, उभ्या उभ्या उरलेलं फस्त करून, भांडं विसळून परत डावाला गेली. या सगळ्याला सात मिनिटंही लागली नाहीत. बाबांनी चारही स्टुलं उचलून आत नेली.

घरी येऊन तोर्शीने हे आईला जसं पाहिलं तसं सांगितलं. चार स्टुलं, चौथा हिस्सा, पलीकडची मासळी. वर आपलं मत एका शब्दाचंही घातलं नाही.

आई मिरच्या वाटत होती. तिचा हात थांबला.

"भांडं रिकामं येतं," ती म्हणाली. "रोज चाटूनपुसून रिकामं. मला वाटलं, पोरं सगळी बरोबर बसत असतील. गजबज असेल." मग हात पुसत म्हणाली, "मी अजून चौघांचंच करते. कमी कसं करणार? कमी केलं तर त्याला वाटेल, मी मोजते."

डेडे मावशीने निवडलेल्या पाती पुन्हा निवडायला घेतल्या.

"तू त्यांना जेवताना पाहिलंयस ना कधी?" तोर्शीने विचारलं.

लग्नात पाहिलंय, अंत्यविधीच्या पंगतीत पाहिलंय, आई आठवून आठवून सांगू लागली. मग बोलता बोलता थांबली. रोजचं जेवण, तिने स्वतः रांधलेलं, अडतीस वर्षं पाठवलेलं, ते जेवताना तिने नवऱ्याला एकदाही पाहिलं नव्हतं. आणि अशी गोष्ट आपल्या लक्षातही आली नव्हती, याचंच तिला जास्त लागलं असावं, कारण त्यानंतर तिने मिरच्या इतक्या बारीक वाटल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ठेच्याबद्दल तिला नावं ठेवली.

बुधवारी संध्याकाळी भांडं बांधून झालं. तोर्शीने ते उचलायला हात पुढे केला, तर आईने तो बाजूला सारला. तिने डोक्याला फडकं गुंडाळलं, चुंबळ ठेवली आणि भांडं स्वतः उचललं. अंगणातल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून पाहू लागल्या. तिच्या गुडघ्यांनी चारशे दहाची पाचशेच्या वर पावलं केली. वाटेत जो तो थांबून विचारत होता, काय झालं, बरं आहे ना सगळं? ती प्रत्येकाला सांगत होती, काही नाही, भांडं घेऊन चाललेय. तोर्शी दोन हात मागे चालत होती.

बाबांनी तिला फाटकातून येताना पाहिलं आणि ते उभेच राहिले. सोंगट्यांचा आवाज बंद पडला. ओकाई उठला, काकू, तुम्ही कशाला, असं काहीतरी बोलला, आणि मग मित्रांना खुणा करून त्याने पट, सोंगट्या आणि सगळा घोळका बाहेर गल्लीत हलवला.

चार स्टुलं मांडून झाली होती. आईने परळात कालवण ओतलं आणि समोरच्या स्टुलावर, थोरल्या काकांच्या जागेवर बसली. बाबांनी हात धुतले. प्रार्थना केली, आज ती चांगली लांबली. घास तोडला आणि तसाच हातात धरून बसले.

"तू बघत बसलीस तर मी जेवू कसा?"

"जेवा. मी बघायलाच आलेय."

ते जेवू लागले. तिने पहिला घास पाहिला, दुसरा पाहिला. त्यांचा हात आपल्या बाजूच्या पलीकडे जात नव्हता. तिने दोन्ही हातांनी परळाचा काठ धरला आणि ते अर्धं फिरवलं, तेव्हा मासळी त्यांच्या पुढ्यात आली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मासळीकडे. त्यांनी तुकडा मोडला, काटे काढले, आणि त्यातला अर्धा तिच्या बाजूला सरकवला. ती संकोचली, इकडेतिकडे पाहिलं, आणि उजवा हात धुऊन तिने तो उचलून खाल्ला.

बराच वेळ दोघं जेवत होती. तोर्शी भिंतीपाशी उभी होती, आणि आपण इथे असू नये असं वाटूनही तिचा पाय निघत नव्हता.

"तोर्शीचे बाबा," आई म्हणाली. तिचा आवाज गल्लीपर्यंत जाईल इतका स्वच्छ होता. "डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तुमच्याबरोबर येते. पण आधीच सांगून ठेवते, सकाळी मी कुणाशी बोलत नाही."