पहिला मान

भीड ही भिकेची बहीण म्हणत्यात, ते खोटं न्हाय. लग्न होऊन या घरात आल्यापास्नं म्या त्या बहिणीला बघते. आमचे हे, वैजनाथ, पंचायत समितीत शिपाई हायेत. माणूस सोन्यासारखा, पर कुणाला न्हाय म्हणायची पाळी आली की तोंडाला कुलूप. बाजारात कुणी नासका टमाटा पिशवीत घातला तरी "असू दे" म्हणून घरी आणणार. शेजाऱ्यानं मोटारसायकल मागितली की किल्ली देऊन मोकळे, आन् सोता जीपच्या मागं लटकून लोहाऱ्याला हापिसात. म्या भांडले, रुसले, एकदा तर माहेरी जाऊन बसले. काय फरक पडला न्हाय. आजवर त्या भिडंपायी टमाटे गेले, पेट्रोल गेलं, ते म्या सोसलं. या साली पोरीचं कॉलेज गेलं.

सृष्टी आमची एकुलती एक. बारावी झाली, सीईटी दिली, शहाण्णव पर्सेंटाइल पडले. आमच्या गावात एवढे कुणाला पडले न्हायत. तिला फार्मसीच करायचं व्हतं, आन् ते बी संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजात. अकरावीत असताना तिच्या मॅडमनी पोरींना तिथं न्हेलं व्हतं. तिथल्या एका पोरीनं हिला गोळ्या पाडायचं यंत्र दाखवलं आन् एक बिनऔषधाची गोळी हातावर ठेवली. ती गोळी हिनं दोन वर्षं कंपासपेटीत जपली. म्या एकदा डोकं दुखतंय म्हणून ती खायला काढली तर मला म्हणली, "आई, त्यात काहीच न्हाय, नुसती पावडर हाय." काहीच न्हाय तर ठेवलीस कशाला, म्हणलं. तर लाजली.

आता कल्याणप्पांचं सांगते, न्हायतर तुमास्नी वाटंल आमी येडे हाओत. कल्याणप्पा म्हंजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. शाळा त्यांची, दोन वर्षांमागं काढलेलं फार्मसी कॉलेज त्यांचं. माणूस वाईट न्हाय. सृष्टीच्या जन्माच्या वेळी म्या अडले व्हते, गावातली नर्स हात टेकून बसली. तवा अप्पांनी सोताच्या पाहुण्यांना खाली उतरवून जीप दिली आन् मला उमरग्याला पोचवलं. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा येळ गेला असता तर दोघींतलं एक बी हाती लागलं नसतं. ही गोष्ट अप्पांनी कधी बोलून दाखवली न्हाय. पर आमच्या ह्यांनी ती देवघरात ठेवल्यासारखी ठेवली. अप्पा दिसले की ह्यांची मान आपोआप खाली.

तर कॉलेजं निवडायचे दिवस आले. मोबाईलवरनं किंवा नेट कॅफेत जाऊन कॉलेजांची नावं लिहायची, सगळ्यात जे पाहिजे ते पहिल्या नंबरावर, मग दुसरं, मग तिसरं. सृष्टीनं यादी कवाच केली व्हती. पहिलं संभाजीनगर. आन् नेमके त्याच दिवशी अप्पा सकाळी घरी आले. आमच्या बाजंवर बसले, चहा घेतला, पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"वैजनाथ," ते म्हणाले, "एक मागणं हाय. सृष्टीच्या यादीत आपल्या कॉलेजचं नाव पहिलं टाका. जागा रिकाम्या ऱ्हायलेत. सगळी पोरं बाहेर पळायलेत. असल्या हुशार पोरीनं आपलं नाव पहिलं टाकलं असं सांगता आलं, तर चार पोरं थांबतील. पोर तुमची जाईल तिला जायचं तिथं, नुसता मान द्या."

हे म्हणाले, "अप्पा, हे काय सांगणं झालं. टाकलं समजा."

म्या आतनं खुणा करायले, डोळे वटारले. ते मुद्दाम माझ्याकडं बघिनात.

अप्पा गेल्यावर सृष्टी म्हणली, "पप्पा, तसं नसतं. पहिल्या नंबराला काहीतरी अट असती. म्या ऐकलंय. सरांना विचारू."

तिच्या सरांना फोन लावला, तो लागंना. मग हे समजूत घालायला लागले. "अगं, लग्नाच्या पत्रिकेत पहिलं नाव कुणाचं असतं? गणपतीचं. म्हणून काय गणपती पंगतीला बसतो व्हय? पहिलं नाव मानाचं. जेवायचं ते पाव्हणं जेवत्यात. तुला एवढे मार्क, सरकार काय येडं हाय, एवढ्या मार्काच्या पोरीला सरकारी कॉलेज सोडून हितं घालायला? मार्क बघून आपोआप वरचं देतील."

खरं सांगते, मला बी ते पटलं. आमाला वाटलं, सरकार मार्क बघतंय. यादी बघतंय हे आमच्या डोक्यात कुठनं येणार. आमच्याकडं यादी म्हणजे मानपान, कुणाचं नाव कुणाच्या आधी. त्यावरनं भावाभावांत बोलणं बंद व्हतं, पर यादीवरनं कुणाचं घर ठरत न्हाय.

सृष्टी बापाकडं बघत ऱ्हायली. मग म्हणली, "तुमी शब्द दिलाय ना?"

"दिलाय."

"मग चला."

लोहाऱ्याला कॅफेत गेली बापलेकं. कॅफेवाल्या पोराकडं गर्दी. ह्यांनी त्याला विचारलं, पहिल्या नंबराला हे नाव टाकल्यानं काय हुतंय का. तो मान वर न करता म्हणला, "काय न्हाय हुत काका, नंबर सांगा." ओटीपी ह्यांच्याच मोबाईलवर आला, ह्यांनीच वाचून दाखवला. आन् घरी येताना अप्पांना फोन करून सांगितलं, काम झालं म्हणून.

पहिल्या फेरीचा निकाल लागला तवा म्या भाकरी थापायले. सृष्टी मोबाईल घेऊन उंबऱ्यात बसली व्हती. हे म्हणाले, "लागलं का?" ती म्हणली, "लागलं." हे उठलेच, पायात चप्पल सरकवली, पेढे आणायला. दारापर्यंत गेले तवा ती म्हणली, "पप्पा, अप्पांचं कॉलेज लागलं."

हे थांबले. मग हसले. "बरं, मान झाला. आता दुसऱ्या फेरीत आपलं घेऊ."

"दुसरी फेरी न्हाय पप्पा. पहिल्या नंबराचं लागलं की तेच पक्कं. घ्यायचं, न्हायतर पुढच्या फेऱ्यांतनं बाद." असं म्हणून तिनं मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणली, "संभाजीनगरला शेवटची जागा माझ्यापेक्षा कमी मार्काला लागली."

तव्यावरची भाकरी करपली, मला वास आला पर उलथवणं उचलंना. ह्यांनी एक चप्पल काढली, एक तशीच पायात. त्या एका चपलेवर दारात उभे ऱ्हायले, जसं काय कुणी तरी येऊन सांगणार हाय की चूक झाली, परत टाका.

दुसऱ्या दिवशी आमी तिघं धाराशिवला गेलो, जिथं कागदपत्रं तपासत्यात तिथं. खिडकीवरचा माणूस भला व्हता. त्यानं दोनदा बघितलं, कुणाला तरी फोन बी लावला. मग म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर आत्ता बदललं असतं. पहिलाच पर्याय मिळालाय ना तुमाला. संगणकाच्या हिशोबानं तुमची इच्छा पुरी झालीये."

म्या म्हणलं, "आमची इच्छा ती न्हाय."

"मग पहिल्या नंबरावर का लिहिलं?"

मागं रांग व्हती. एवढा जीव जळला माझा, वाटलं तिथंच ह्यांची गचांडी धरावी. पर त्यांचं तोंड बघितलं आन् हात उचलंना. पन्नाशीला आलेला माणूस, शाळेतल्या पोरावानी मान खाली घालून उभा.

तिथनं अप्पांकडं. अप्पांना ठाऊक व्हतं का नव्हतं, देव जाणे. मला अजून कळलं न्हाय. ते उठून उभे ऱ्हायले, शाल मागवली, पोरीला पेढा भरवला. म्या तोंड आवळून ठेवलं व्हतं, तरी निघालंच. "अप्पा, पोरीला सरकारी कॉलेज मिळत व्हतं. काहीतरी करा."

अप्पांचं तोंड उतरलं. "बाई, कम्प्युटरपुढं माझं काय चालतंय. मला वाटलं, नाव टाकल्यानं काय बिघडतंय. आता सृष्टी आलीच हाय तर माझ्या लेकीसारखी बघीन. एक रुपाया फी घेणार न्हाय." आन् त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं, रडणाऱ्याशी कसं भांडायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

घरी येऊन म्या म्हणलं, सोडा ही जागा. एक वर्ष थांबंल, परत सीईटी दील. सृष्टी म्हणली, "परत एवढेच पडतील का आई? आन् जागा सोडली तर पप्पा अप्पांना काय सांगतील?"

"त्यांचं त्यांनी बघावं."

"ते बघणार न्हायत. तुला ठाऊक हाय."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिनं धरलं. शेवटच्या दिवशी सोता जाऊन जागा पक्की करून आली. त्या कॉलेजला प्रयोगशाळेची खोली हाय, पर आत अजून खोकी फोडलेली न्हायत. शिकवायला दोन सर, त्यातले एक सोलापूरनं येतात, आले तर. हे सगळं तिनं मला येऊन सांगितलं, भाजी आणल्याचं सांगावं तसं. रडली बी न्हाय. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात लोहाऱ्याच्या स्टँडाजवळ मोठं फ्लेक्स लागलं. सृष्टीचा बारावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, शेजारी अप्पांचा, वर लिहिलेलं की गुणवंत विद्यार्थिनीची पहिली पसंती. हे रोज हापिसाला जातात ती जीप त्याच्यासमोरनं जाते. ह्यांनी दुसऱ्या बाजूला बसायला सुरुवात केली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत शेजारच्या वाडीची सिद्धम्मा आली. तिची निकिता सृष्टीच्याच वर्गातली. पहिल्या फेरीत तिला काहीच लागलं नव्हतं, दुसऱ्या फेरीची नावं टाकायची चालली व्हती. सिद्धम्मा नवऱ्यामागं एकटीनं पोरगी वाढवणारी बाई, शिकलेलं कुणी न्हाय घरात.

"दादा," ती ह्यांना म्हणली, "तुमच्या पोरीचं बोर्ड बघितलं. एवढ्या हुशार पोरीनं पहिलं नाव टाकलं म्हणजे कॉलेज चांगलंच असणार. व्हय ना?"

ह्यांनी बाजंची दोरी नखानं उकरली. "चांगलंय की," म्हणाले.

म्या चुलीपाशी बसून दात खाल्ले. सृष्टी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सिद्धम्मानं तिचा हात धरला. "तू सांग गं बाई. तू तिथं जातीस. आमच्या निकीला बरं पडंल का?"

मला वाटलं, आता ही बोलंल. बापाची भीड बापापाशी, ही शिकलेली हाय, हिला गप बसायचं काय कारण. म्या मनातनं म्हणत व्हते, बोल बाई, एकदा बोल. सृष्टीनं बापाकडं बघितलं. ह्यांनी मान वर केली न्हाय.

"चांगलंय मावशी," ती म्हणली. आवाज थेट बापाचा.

कॉलेज गेलं त्या दिवशी म्या रडले नव्हते, तवा रडू आलं. एवढ्या साऱ्यात मला वाटत ऱ्हायलं, पोरगी तर माझी हाय, माझ्यावर गेलीय, कुठं तरी उसळंल. न्हाय.

सिद्धम्मा निघाली तशी म्या तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेले. तिला बाभळीखाली थांबवलं आन् सगळं सांगितलं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनातलं कुठलं बी लागलं की तेच पक्कं, मागं फिरता येत न्हाय. निकिताला जिथं जायचं तेच वर लिहा. आमच्या पोरीचं ऐकू नका, तिच्या बापाचं तर मुळीच ऐकू नका.

सिद्धम्मा ऐकत ऱ्हायली. मग पदरानं तोंड पुसून म्हणली, "काल सांजच्याला भरलं की सगळं. पहिलं अप्पांचंच टाकलंय. कॅफेवाल्यानं पक्कं केलं, म्हणला आता बदलत न्हाय. म्या आपलं मनाची खात्री करायला आले व्हते."

तिनं माझा हात धरला.

"पर बाई," ती म्हणली, "कॉलेज चांगलंय ना?"

रस्त्यानं जीप आली, थांबली, तिला बघून ड्रायव्हरनं हात केला. तिला चढायचं व्हतं आन् ती चढंना. माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"चांगलंय," म्या म्हणलं.