हिरव्या गावातला खोकला

उंब्रजहून शिरगणवाडीला येणारा एकुलता डांबरी रस्ता नाथाजी सुभेदारांनी जेसीबी लावून मधोमध फाडला. पुरुषभर खोल चर. चराच्या अल्याड तोडलेल्या बाभळी काट्यांसकट आडव्या टाकल्या, त्यामागं दगडांचा ढीग आणि ढिगामागं पेन्शनीत निघालेले फौजी, हातात वेळू घेऊन. गावात घरटी एक माणूस लष्करात. करोनाची दुसरी लाट महामार्गानं वर सरकायला लागली, तेव्हा या गावाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. शत्रू येतो तो सरहद्दीवरून, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

सुभेदारांनी आपली खाटही नाक्यावर नेली. घरी जाणं बंद. दोन्ही वेळची भाकरी त्यांची सून संयोगिता कडेवर तान्ह्या लेकीला, नंदूला, घेऊन पोचवायची. सकाळच्या फॉलिनला, पहाऱ्याच्या हजेरीला, तालुक्याहून आलेला गावाचा आकडा वाचायचं कामही तिचंच, कारण तिनं विश्रामबागेतल्या कॉलेजात संख्याशास्त्र केलं होतं. मोबाईलवर रोज तक्ता यायचा. गाव, किती तपासले, किती बाधित, किती मयत, शंभराला किती आणि शेवटच्या रकान्यात रंग. ती वाचायची, शंभराला तीन, रंग हिरवा. मग सुभेदार एकेका पहाऱ्याला विचारायचे आणि उत्तर यायचं, "सब ठीक, साहेब." त्या रांगेत दुसरं उत्तर कुणाला ठाऊकच नव्हतं.

अशाच एका सकाळी हिरवा वाचून ती वळते न वळते तोच गावातला एक गवंडी चरात उतरून अल्याड चढायला लागला. पुण्याहून चालत आला होता, बापाच्या दहाव्याला. माजी नाईक कृष्णातनं त्याच्या बोटांवर वेळू हाणला. तरी काठ सोडेना, तेव्हा नडगीवर. हाड मोडलं ते उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसं, सगळ्यांना ऐकू गेलं. गवंडी चराच्या तळाशी पडून आईला हाका मारत राहिला, आणि आई बाभळींच्या अलीकडून त्याला परत जा, परत जा म्हणत राहिली. पल्याडच्या वस्तीतल्या लोकांनी शेवटी त्याला घोंगडीत घालून नेलं.

गावात कुणी कृष्णातला वाईट म्हटलं नाही. गाव स्वच्छ आहे, म्हणजे घाण आणणारा बाहेरचा. आकडाच तसं सांगत होता, आणि आकडा संयोगितानं वाचला होता. त्या दिवशी नंदू छातीशी झोंबून रडरडली, पण आईला पान्हा फुटेना.

त्याच आठवड्यात सासू, विजयमाला, पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकायला लागली. आधी चुलीचा धूर झाला, मग लोणच्याचा ठसका. एका दुपारी परड्यात भिंतीला धरून उभी राहिलेली दिसली, ओठ जांभळासारखे. संयोगिता धावली, तर तिनंच सुनेचं मनगट आवळलं.

"मामांस्नी सांगशील तर माझी शपथ हाय तुला. साऱ्या गावाम्होरं त्यांचा हिरवा रंग माझ्यापायी जायचा."

संयोगितानं शपथ घेतली. नंदूला खाली ठेवून तिनं सासूची पाठ चोळली. पोरीची ढेकर काढताना चोळायची तशीच, खालून वर. हाताला प्रत्येक फासळी हलताना लागत होती.

संध्याकाळी पठाणकोटहून तिच्या नवऱ्याचा, विश्वजीतचा, फोन आला. लेकीचे आवाज ऐकून झाल्यावर तो हसत सांगत होता, की रजेवरून निघताना रेल्वे दोनदा रद्द झाली, दर खेपेला नवा रिपोर्ट काढावा लागला, तीनदा नाकात काडी घालून घेतली, आता नाकपुडीला दार बसवून घेतो. संयोगिता हसली आणि हसता हसता थांबली. रिपोर्ट निगेटिव्ह असल्याशिवाय पलटणीत घेत नव्हते. गावातला रजेवर आलेला एकूण एक जवान कामावर जाण्याआधी तपासून गेला होता, कुणी दोनदा, कुणी तीनदा. तरणीताठी, ठणठणीत माणसं. त्यांचे आधारकार्डावरचे पत्ते शिरगणवाडीचे. तक्त्यात विश्वजीत एकटाच तीन माणसं झाला होता.

लेकीला थोपटत तिनं घरोघरचे जवान आणि त्यांच्या तपासण्या मनातल्या मनात मोजून बाजूला काढल्या. शंभरातले अठ्ठ्याऐंशी निघून गेले. खाली राहिले बारा, त्यातले तीन बाधित. चारातला एक. तिचा हात लेकीच्या पाठीवर तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी भाकरी देताना तिनं सासऱ्यांना हे सगळं नीट उलगडून सांगितलं. सुभेदारांनी शेवटच्या घासापर्यंत ऐकून घेतलं. माणूस आडमुठा नव्हता, फक्त शिस्तीचा होता.

"म्हंजे विश्वजीत या गावचा न्हाई?"

"हायत की. पण रजा संपली म्हणून तपासलं त्यांना. घरात जे कण्हत पडल्यात, त्यांना कोण तपासतंय, मामा?"

"आन एवढा तालुका येडा हाय व्हय? एवढं सरकार बसलंय."

तिनं सांगितलं, की तालुका फक्त शेवटचा रकाना बघतो. नमुने घेणारी गाडी लाल गावांना जाते, हिरव्याला येतच नाही. तपासणी नाही म्हणून रोगी सापडत नाहीत, आणि रोगी नाहीत म्हणून तपासणी नाही. वर कुणी लबाड असेलच असं नाही. रंग बघून गाड्या वाटणं सोपं, माणसं बघून वाटणं अवघड, म्हणून त्यांनी सोपं ते केलं. गाडी बोलवूया, बाभळी काढूया, एवढंच तिचं मागणं.

कृष्णात बाजूला वेळूला तेल लावत बसला होता. "सूनबाई, गणित भाकरीत घाला," तो म्हणाला. "मीठ कमी पडलंय." फौजी खो खो हसले. सुभेदार हसले नाहीत, पण बाभळी हलल्या नाहीत.

मग तिनं रायगोंडाला फोन केला. तो सांगलीचा, कॉलेजातला तिचा सोबती, आता एका लॅबच्या गाडीवर नमुने घ्यायचा. तिचं लग्न उंब्रजकडं झाल्यापासून तिला पाटलीणबाई म्हणून चिडवायचा. हिरव्या गावाला लाल व्हायची हौस आली काय, म्हणून त्यानं थट्टा केली. आत्यांना, सासूबाईंना, बसल्या जागी धाप लागतेय, एवढंच ती म्हणाली. थट्टा संपली. उद्या मेढ्याला जायचंच आहे, दुपारी वाट वाकडी करतो, म्हणाला.

दुपारी उन्हानं डांबर मऊ पडलेलं. गाडी चराच्या पल्याड थांबली, आणि रायगोंडा पांढऱ्या झग्यात, काचेचा मुखवटा लावून, नळ्यांची पेटी घेऊन चरात उतरला. कृष्णातनं एकदाच हटकलं. रायगोंडा हात जोडून वर बघत म्हणाला, की मला बोलावलंय. कुणी, ते सांगितलं नाही. तिला त्रास होईल म्हणून.

पहिला दगड पेटीवर बसला. नळ्या फुटल्या. दुसरा मुखवट्यावर. काच कपाळात घुसली आणि पांढरा झगा गळ्यापासून लाल होत खाली निघाला. तो गुडघ्यावर बसला तरी दगड थांबेनात. इतके दिवस ढीग रचून वाट बघत बसलेले हात मोकळे झाले होते. कृष्णात चरात उतरला. वेळू पाठीवर, खांद्यावर, कानावर. रायगोंडा ओरडत नव्हता, नुसता डोकं दोन हातांत धरून अंगाची मोट करत होता. सुभेदार वर उभे राहून बघत होते, सरहद्दीवर बघावं तसं.

भाकरीची पाटी घेऊन येणाऱ्या संयोगितानं पाटी टाकली. नंदूसकट ती चरात घसरली. उगारलेला वेळू कृष्णातला आवरता आला नाही, तो तिच्या खांद्यावर बसला, नंदूच्या डोक्यापासून चार बोटांवर. पोरगी असा टाहो फोडून रडली, की सगळे दगड हातातच राहिले.

"मामा," संयोगिता खालून म्हणाली, "ह्याला मी आत्यांसाठी बोलावलाय. आत्या मराय लागल्यात."

शपथ मोडली.

सुभेदार वळले. घराकडं पळाले. त्या वयाचा माणूस इतका पळताना गावानं पाहिला नव्हता. परत आले ते बायकोला दोन हातांवर घेऊन. ती कोवळ्या करडासारखी हलकी झालेली, डोळे अर्धे उघडे. गावात रुग्णवाहिका येऊच शकत नव्हती, चर होता. होती ती रायगोंडाची गाडी, आणि मध्ये बाभळी. बायकोला जमिनीवर ठेवून सुभेदारांनी बाभळ उघड्या हातांनी ओढली. काटा तळहातातून आरपार गेला. दुसऱ्या हातानं ओढली. मग सगळेच फौजी तुटून पडले. चरात उतरून त्यांनी हातावर हात धरले आणि विजयमाला या हातांवरून त्या हातांवर पल्याड गेली.

रायगोंडानं डोळ्यात उतरलेलं रक्त बाहीनं पुसलं आणि तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बराच वेळ येईना. मग आला. त्रेपन्न.

"ठीक कितीला असतंय?" सुभेदारांनी विचारलं.

"पंच्याण्णवच्या वर, काका."

काका म्हणाला. मार खाल्लेल्या तोंडानं.

कऱ्हाडच्या वाटेवर, महामार्गाला लागल्याबरोबर विजयमालानं संयोगिताच्या मांडीवर मान टाकली. खोकला थांबला तेव्हा संयोगिताला क्षणभर बरं वाटलं होतं. समोरच्या बाकावर रायगोंडा डोकं फडक्यानं दाबून बसला होता आणि सुभेदार बायकोची थंड पावलं चोळत होते. ती गेलीय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हात थांबेपर्यंत चोळू दिले. नंदूला आपण जाताना कुणाच्या हातात दिलं, हे संयोगिताला परत आल्यावर कळलं. कृष्णात ओट्यावर बसला होता, पोर त्याच्या खांद्यावर झोपलेली, आणि तो हलायला भीत होता.

सकाळी सुभेदारांनी फॉलिन लावलं. घरात दिवा, डोक्याचं मुंडण, दोन्ही तळहातांना चिंध्या. संयोगिताला वाचायला सांगितलं. विजयमालाचा नमुना घेणं झालंच नव्हतं, नळ्या चरात फुटल्या होत्या. त्यामुळं तक्त्यात ती नव्हती. संयोगितानं आहे ते वाचलं. शंभराला तीन. मयत, कुणी नाही. रंग हिरवा.

"पहारा एक," सुभेदार म्हणाले.

"सब ठीक, सा..." कृष्णात.

चिंधी बांधलेल्या हाताची थप्पड त्याच्या गालावर बसली. चिंधीतनं रक्त गालाला लागलं.

"खरं सांग."

कृष्णात सावधानमध्येच उभा राहिला. मग म्हणाला, "बायको तापानं फणफणलीया, साहेब. आन मलाबी..." पुढचं खोकल्यात गेलं. इतके दिवस दाबलेला खोकला, थांबेचना. त्याच्या शेजारी दुसरा खोकला. मग रांगेच्या टोकाला एक. बाभळींमागं बायका उभ्या होत्या, त्यांच्यातून. संयोगिता मोबाईल हातात धरून ऐकत राहिली. तक्त्यात नसलेलं गाव तिच्यासमोर खोकत होतं.

सुभेदारांनी रायगोंडाच्या लॅबला फोन लावायला सांगितलं. सगळ्यांच्या आधी आपलं नाव द्यायला सांगितलं आणि गवंड्याच्या आईला निरोप, की पोराला घेऊन ये. मग ते ढिगाकडं गेले, दुखऱ्या हातानं एक दगड उचलला आणि चरात टाकला. कृष्णात खोकत खोकत त्यांच्या मागं गेला. एकेक करत सगळे गेले. चर पुरुषभर खोल, भरायला वेळ लागणार होता. दर दगडाच्या आवाजासरशी नंदू दचकायची. संयोगितानं फोन खांदा आणि गालात धरला, आणि मोकळ्या झालेल्या तळव्यानं लेकीचा कान झाकला.